टिंबोऱ्याचा कायदा, खाडीकाठची कोठडी

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, गणपती विसर्जनानंतरच्या एका शनिवारी सकाळी, बेलापूरच्या खाडीकडच्या एका पोलीस ठाण्यात हवालदार शेलार स्वतःहून कोठडीत जाऊन बसले. त्यांच्यावर कोणताही गुन्हा दाखल नव्हता. कोठडीबाहेरच्या बाकावर दिवाळे गावची हिराबाय कोळीण माशांची टोपली घेऊन बसली होती. रस्त्यात टोपली मांडल्याबद्दल तिला ठाण्यात आणले होते, आणि ती आपली पाळी येण्याची वाट पाहत होती.

ही बातमी आमच्या साप्ताहिकात आली नाही. घटना आमच्या साप्ताहिकामुळेच घडली होती आणि तिच्यात शेलारांची नोकरी अडकली होती. शेलार आता निवृत्त होऊन साताऱ्याकडे गावी असतात. त्यांना विचारून हे लिहिते आहे. ठाण्याचे आणि साप्ताहिकाचे नाव मात्र देत नाही.

मी तेव्हा त्या साप्ताहिकात उपसंपादक होते. कचेरी वाशीत, एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. संपादक हेच मालक असल्याने ते जाहिरातींमागे असत आणि मजकूर माझ्याकडे असे. आमचा अंक शुक्रवारी दुपारी छपाईला जाई आणि शनिवारी सकाळी विक्रीला येई.

त्या काळी पान कसे लागत असे, ते थोडक्यात सांगते. मजकूर संगणकावर जुळवून त्याच्या एका स्तंभाच्या रुंदीच्या लांब पट्ट्या काढत. त्या ब्लेडने कापायच्या आणि गोंदाने पानाच्या तक्त्यावर चिकटवायच्या. पट्टी जागेपेक्षा लांब निघाली तर खालून कापायची. म्हणून बातमीतले महत्त्वाचे सगळे पहिल्या परिच्छेदात घ्यायचे आणि शेवट नेहमी कापण्याजोगा ठेवायचा, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवले जाई. चिकटवण्याचे काम वसंतराव करीत. ते पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवत. पट्टी सरळ लागली की नाही एवढेच ते पाहत. मजकूर वाचत नसत. "वाचत बसलो तर पान कधी लागायचं?" असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य होते.

शेलार दर गुरुवारी ठाण्याकडून 'पोलीस वार्ता' या सदराचा मजकूर घेऊन येत. चोऱ्या, मारामाऱ्या, हरवलेली माणसे असा तो मजकूर असे. उंच, शांत माणूस. चहा बशीत ओतून पीत. एका गुरुवारी त्यांच्या पाकिटात आणखी काही कागद निघाले.

"हे काय आहे, शेलार?"

"काय न्हाई मॅडम, असंच. दुसऱ्या ग्रहावरचं हाय. आपल्या हद्दीत येत न्हाई."

तो 'टिंबोरा ग्रहाची चौकी' या कथामालेचा पहिला भाग होता.

टिंबोऱ्यावर दोन सूर्य आहेत, त्यामुळे प्रत्येकाला दोन सावल्या आहेत. लोकांना एका पायाला तीन गुडघे असल्याने बसायला फार वेळ लागतो, आणि एकदा बसलेला माणूस सहसा उठत नाही. कायदा राखणारे दोन प्रकारचे असतात. धरक म्हणजे धरणारा आणि पुसक म्हणजे पुसणारा. धरकाने कोणालाही धरले की त्याच्या जोडीच्या पुसकाने येऊन विचारायचे, 'याला धरल्याने कोणाचे काय सुधारेल?' समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत तिघांनीही बसायचे. पुसकांचे शिक्षण बारा पावसाळे चालते आणि त्यांना धावण्याची मनाई आहे. त्यामुळे धरकाच्या हाती लागलेला चोर पुसक येईपर्यंत अनेकदा कंटाळून घरी जातो. या सगळ्यांवर एक महाधरक असतो. तो सतत खारे दाणे खातो आणि समोरच्याला 'मुद्द्याचं बोला' असे सांगतो. स्वतः मात्र मुद्द्यावर कधी येत नाही.

शेलारांचे वरिष्ठ, इन्स्पेक्टर घोरपडे, यांच्या टेबलावर खाऱ्या दाण्यांची पुडी कायम असे. ते दिवसातून पुष्कळदा "मुद्द्याचं बोला" असे म्हणत.

त्यामुळे कथामाला 'दूरस्थ' या टोपणनावाने सुरू झाली. सरकारी नोकराला असे काही छापण्याआधी वरिष्ठांची परवानगी लागते. मी शेलारांना अर्ज करायला सुचवले होते.

"अर्ज केला तर साहेब आदी वाचनार," ते म्हणाले. "आनि साहेब त्यात हायत."

त्यांच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. नाव फुटले असते तर खातेनिहाय चौकशी, निलंबन आणि पोलीस वसाहतीतली खोली खाली करणे, हे सगळे ओळीने आले असते. नाव संपादक, मी आणि शेलार यांच्याबाहेर कोणाला ठाऊक नव्हते.

कथामाला वाचली जात होती. शिरवण्याहून एका गृहस्थांनी फोन करून विचारले, पुसकाची भरती कधी निघणार आहे आणि तिला पदवी लागते का. नावड्याच्या एका वाचकाने कळवले की टिंबोऱ्यावर दोन सूर्य असतील तर कपडे लवकर वाळत असतील, याचा उल्लेख लेखकाने कुठेच केलेला नाही. सर्वांत चिकट वाचक होते परकार वकील. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे, बेलापूरला वकिली करीत आणि संध्याकाळी एका महाविद्यालयात कायद्याचे तत्त्वज्ञान शिकवीत. अंक निघाला की ते आठवड्यात कधीतरी जिना चढून वर येत आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून हरकत नोंदवीत.

एका भागात टिंबोऱ्यावर शेजाऱ्याची सावली चोरल्याचा खटला उभा राहिला. परकार वकील आले.

"अहो बाई, तुमच्या दूरस्थांना विचारा, सावली ही जंगम मालमत्ता की स्थावर?"

"म्हणजे?"

"ती हलते, म्हणून जंगम म्हणावं, तर ती मालकाला चिकटलेली आहे. झाडासारखी. मग स्थावर. स्थावराची चोरी होत नाही, अतिक्रमण होतं. कलमच चुकलंय!"

मी गुरुवारी ही हरकत शेलारांना सांगितली. त्यांनी बशी खाली ठेवली. "वकिलाला सांगा, दुपारी जंगम, संध्याकाळी स्थावर." पुढच्या भागात तसा कायदा आला आणि खटला दुपारपर्यंत तहकूब झाला. परकार वकील आठवडाभर खूश होते. ज्या हवालदाराची ते कोर्टात उलटतपासणी घेत, त्याच्याशीच आपला वाद चालू आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. शेलारांना ठाऊक होते. साक्ष देऊन आले की ते सांगत, "आज पुसकानं लई पिदडलं."

गणपतीच्या सुमारास शेलारांनी नवा कायदा आणला. माणसाला जितका वेळ कोठडीत ठेवायचे, तितका वेळ धरकाने आधी स्वतः तिथे बसायचे. तो कायदा पुढच्या भागात येणार, असे एका पात्राच्या तोंडी येताच परकार वकील वर आले.

"हे काही चालायचं नाही. कायदा म्हणजे नुसता हुकूम नव्हे. तो पाळणाऱ्याला पाळावासा वाटला पाहिजे. कोठलाही पोलीस आधी स्वतः आत बसणार नाही. टिंबोऱ्यावर नाही, मंगळावर नाही, बेलापुरात तर नाहीच."

निरोप पोचवला. या वेळी शेलारांनी बशीतला चहा संपवला आणि ते निघून गेले.

पुढचा भाग त्यांनी सरकारी आदेशाच्या बातमीसारखा लिहून आणला. पहिल्या परिच्छेदात अवघड शब्द नकोत असे मी त्यांना नेहमी सांगे, म्हणून तिथे 'धरक' न लिहिता 'शिपाई' लिहिले होते. दोन सूर्य, तीन गुडघे आणि महाधरकाचे दाणे दुसऱ्या परिच्छेदापासून पुढे होते. ग्रहाचे नाव सदराच्या शीर्षकात असायचे, त्यामुळे मजकुरात पुन्हा नव्हते.

त्या शुक्रवारी एका साडीच्या दुकानाची जाहिरात ऐनवेळी आली आणि संपादकांनी कथामालेची जागा तिला दिली. भाग पुढच्या अंकात घ्यायचे ठरले. त्याची पट्टी टेबलावर तशीच राहिली. गणपतीच्या बंदोबस्तामुळे म्हणा किंवा चोरही सुट्टीवर होते म्हणून म्हणा, 'पोलीस वार्ता'चा मजकूर त्या आठवड्यात कमी पडला आणि स्तंभाच्या तळाशी जागा उरली. वसंतरावांनी हाताशी असलेली पट्टी घेतली. ती त्याच पाकिटातल्या मजकुराची होती. जागेपेक्षा लांब निघाली, म्हणून त्यांनी ती नियमाप्रमाणे खालून कापली. फक्त पहिला परिच्छेद राहिला.

शनिवारी सकाळी खाडीपासून बाजारापर्यंत लोकांनी वाचले ते असे: 'नवा नियम लागू : कोणाही शिपायाने माणसाला कोठडीत टाकण्यापूर्वी तितकाच वेळ स्वतः त्या कोठडीत बसावे, असा आदेश जारी करण्यात आला आहे. कोठडी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याने दुसऱ्याला तिथे पाठवू नये, असे आदेशात म्हटले आहे. आदेश आजपासून अमलात येत आहे.'

यानंतर रस्त्यावर जे घडले ते मी पाहिलेले नाही. शेलार आणि हिराबाय यांच्याकडून स्वतंत्रपणे ऐकले. दोघांच्या सांगण्यात फरक फक्त माशांचा आहे. शेलार बोंबील होते म्हणतात आणि हिराबाय मांदेली होती म्हणते.

रस्त्यातल्या टोपल्यांबद्दल तक्रार आली होती, म्हणून शेलारांना पाठवण्यात आले. बाकीच्या बायका सरकल्या, पण हिराबाय सरकली नाही. शेलार तिला ठाण्यात घेऊन आले. तिथे तिने कमरेची पिशवी सोडून त्यातून अंकाचे पान काढले. तिला वाचता येत नव्हते. सकाळी चहाच्या टपरीवर कोणी मोठ्याने वाचले तेव्हा तिने ते पाठ केले होते.

"हवालदार, तू आदी बस. पेपरान आयलाय."

"काय आलंय?"

तिने तिन्ही वाक्ये म्हणून दाखवली. मग विचारले, "माना किती येळ ठेवनार हाय?"

"साहेब येईपर्यंत."

"मंग साहेब येयपरयंत तू बस. तुजा झाला का मी बसन. मी काय पलून जातंय का? माजी टोपली हाय हितं."

ठाण्यातले दोन शिपाई हसले. शेलार हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, एका शिपायाला आमच्या कचेरीत फोन करायला सांगितले आणि आत जाऊन बसले. फोनवरचा निरोप मी घेतला. तो असा होता: "शेलार हवालदार म्हणतात, मॅडमना सांगा, नियम लागू झालाय."

मी पोचले तेव्हा कोठडीचे दार लावलेले होते आणि शेलार आत भिंतीला टेकून बसले होते. दाराबाहेर गर्दी होती. ती हवालदार पाहायला आली होती आणि आली आहे तर मासळी घेऊन जात होती. हिराबाय बाकावरूनच विकत होती.

"शेलार, बाहेर या," मी गजांपाशी जाऊन हळू म्हणाले. "चुकून लागलंय ते. मी खुलासा छापते."

"मॅडम, माजंच वाक्य तिनं मला म्हनून दाखवलं. एक अक्षर चुकली न्हाई." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आता मी न्हाई म्हनलो तर वकील जिंकला."

"नोकरी जाईल."

"तेबी हायच." ते थोडे सरकून बसले. "हितं डास लई हायत. बाहेरनं कळत न्हाई."

घोरपडे उशिरा आले. गर्दी, मासळीचा वास, कोठडीतला हवालदार आणि बाकावरची मोकळी टोपली हे त्यांनी याच क्रमाने पाहिले.

"हा काय लोचा आहे? मुद्द्याचं बोला."

शेलार उठून बाहेर आले आणि त्यांनी सलाम केला. "माजी वेळ संपली, साहेब. साहेब येईपर्यंत होती."

"आता मी बसतंय," हिराबाय म्हणाली आणि कोठडीच्या उंबऱ्यापर्यंत गेली. तिथे थांबून तिने घोरपड्यांकडे पाहिले. "माना बी साहेब येयपरयंतच सांगितलाय. साहेब तं आयला." तिने मोकळी टोपली डोक्यावर घेतली आणि ती निघून गेली. तिला अडवण्याचे कारण कोणालाही सुचले नाही. रस्ता अडवायला आता मासळीही उरली नव्हती.

बाजारात माथाडी कामगारांनी एका शिपायाला 'आदी बसून या' म्हणून परत पाठवल्याचे त्या दिवशी ऐकू आले. दुजोरा मिळाला नाही.

वरिष्ठ कार्यालयापर्यंत मात्र बातमी गेली आणि तिथून घोरपड्यांना लेखी विचारणा झाली. ड्यूटीवरील हवालदार कोठडीत का होता? खोट्या आदेशाचा मजकूर कोणी लिहिला? सोमवारी घोरपडे आमच्या कचेरीत जबाब नोंदवायला आले. जबाब लिहून घेण्यासाठी त्यांनी सोबत शेलारांना आणले. ठाण्यातले सगळे लिखाण शेलारच करीत. संपादकांनी आमच्या बाजूने परकार वकिलांना बोलावले होते.

शेलार कागद मांडून बसले. घोरपड्यांनी मला विचारले, "हा मजकूर कुठून आला?"

"तो आमच्या कथामालेचा भाग आहे. चुकून वार्तांच्या स्तंभात लागला."

"लेखक कोण?"

"दूरस्थ."

"खरं नाव?"

"ते आम्ही देत नाही."

"लेखक खात्यातला आहे का?"

मी काही बोलले नाही. शेलारांचे लेखन थांबले.

"साहेब, हे काय लिहू?"

"मॅडम गप्प बसल्या, असं लिहा."

शेलारांनी तसे लिहिले.

परकार वकील पुढे सरकले. "साहेब, लेखक सापडला, असं धरून चालू. त्याने कोणाचं काय सुधारेल?"

"तुम्ही ना वकीलसाहेब, टेन्शन वाढवू नका. मुद्द्याचं—" घोरपड्यांचा हात खिशातल्या पुडीकडे गेला होता. दाणे तोंडापाशी आले आणि तिथेच थांबले. टेबलावर कथामालेचे जुने अंक पडले होते. सर्वांत वरच्या अंकावर महाधरकाचे चित्र होते, हातात पुडी असलेले. घोरपड्यांनी चित्राकडे पाहिले. मग शेलारांकडे पाहिले. शेलार कागदाकडे पाहत होते. परकार वकिलांनी आधी घोरपड्यांकडे आणि मग शेलारांकडे पाहिले. त्यांचे तोंड किंचित उघडे राहिले.

घोरपड्यांनी दाणे पुडीत परत टाकले आणि पुडी खिशात ठेवली.

"शेलार, शनिवारी तुम्ही कोठडीत काय करत होता?"

"बसलो होतो, साहेब."

"बसला नव्हता. तपासणी करत होता."

"आत बसून?"

"कोठडीची तपासणी बाहेरून कशी होणार?" परकार वकील म्हणाले. त्यांचा आवाज थोडा वेगळा झाला होता.

"दर शनिवारी करतो आपण ती," घोरपडे म्हणाले. "लिहा."

शेलारांनी मान वर केली. "आपन?"

"आपण."

"एक मिनिट," परकार वकील म्हणाले. "एकदाच झालं तर ती सबब होते, साहेब. वरचे विचारतील, याआधी कधी? यानंतर कधी? लोक एखादी गोष्ट नेमाने करतात आणि ती करायलाच हवी असं समजतात, तेव्हा तिला रूढी म्हणतात. रूढीला कायद्याचं बळ असतं. पण त्यासाठी सातत्य लागतं."

"म्हणजे काय करायचं?"

"येत्या शनिवारी कोणीतरी बसायला हवं. हवालदारापेक्षा वरच्या हुद्द्याचा असेल तर उत्तम."

घोरपडे बराच वेळ गप्प होते. शेलारांनी ते लिहिले नाही.

वरिष्ठ कार्यालयाला पाठवायच्या उत्तराचा मसुदा शेलारांनीच केला. तो मी वाचला आहे. महत्त्वाचे सगळे पहिल्या परिच्छेदात होते. मजकूर चुकून लागल्याने तो कोणी लिहिला हा प्रश्न उद्भवत नाही, असे शेवटी एका ओळीत म्हटले होते.

आम्ही खुलासा छापला. त्याची शब्दरचना करायला संपादकांना आणि मला दुपार लागली. 'गेल्या अंकात पोलीस वार्ता या सदरात प्रसिद्ध झालेला आदेश टिंबोरा या ग्रहावरील होता. नवी मुंबईशी त्याचा संबंध नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' शिरवण्याच्या गृहस्थांनी फोन करून विचारले, म्हणजे भरतीही तिकडेच का?

पुढच्या शनिवारी वरिष्ठ कार्यालयातले अधिकारी न कळवता ठाण्यात आले. घोरपडे कोठडीत होते. दार लावलेले होते, दाणे सोबत होते. अधिकारी समाधानाने परतले आणि शेलारांची चौकशी तिथेच थांबली. इतर ठाण्यांनाही तसे सुचवण्यात आल्याचे ऐकले. दुजोरा मिळाला नाही.

त्यानंतर घोरपड्यांना दर शनिवारी बसावे लागले. तिसऱ्या खेपेनंतर कोठडीच्या खिडकीला जाळी आली. मग दिवा बदलला गेला. दिवाळीच्या आधी आत पाण्याचा माठ आला. माठ मी पाहिला आहे. परकार वकिलांनी आपली हरकत मागे घेतली. हे त्यांनी या वेळी माझ्यामार्फत न कळवता कोर्टाच्या आवारात थेट शेलारांना सांगितले आणि लगेच त्यांची उलटतपासणी घेतली.

कथामाला आणखी एक वर्ष चालली. महाधरक नंतरच्या भागांत बारीक झाला आणि त्याने दाणे सोडले. शेलार ठरल्या दिवशी निवृत्त झाले. त्यांच्या निरोप समारंभात घोरपडे बोलले, फार लांबले आणि मुद्द्यावर आले नाहीत. त्यानंतर घोरपड्यांची बदली झाली. साप्ताहिक दशक संपण्याआधी बंद पडले. 'टिंबोरा ग्रहाची चौकी' पुस्तकरूपाने यावी असे मला फार वाटत होते. ते झाले नाही.

दशकाच्या अखेरीस पासपोर्टच्या पडताळणीसाठी मला त्याच ठाण्यात जावे लागले. दिवस शनिवारचा होता. माझ्या ओळखीचे तिथे कोणी उरले नव्हते. टेबलावरच्या हवालदाराने मला बाक दाखवला.

"साहेब आत आहेत, मॅडम. बसा थोडं."

"आत म्हणजे?"

त्याने कोठडीकडे बोट केले. दार लावलेले होते. आत एक तरुण इन्स्पेक्टर भिंतीला टेकून बसला होता.

"का बसलेत?"

"इथली पद्धत आहे," हवालदार म्हणाला. "पहिल्यापासून."

मी बाकावर बसले. थोड्या वेळाने इन्स्पेक्टर बाहेर आला आणि माठात पाणी नसल्याचे त्याने हवालदाराला सांगितले. हवालदाराने माठ भरला.